वेढा, पट्टी आणि चमचा

छत्रपती संभाजीनगरात आज पारा किती चढला, हे सांगणारा आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेतून येतो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची बातमी होते. त्याच चिकलठाण्यात, जालना रस्त्याच्या कडेने पसरलेल्या एमआयडीसीत, गोळीतला औषधाचा अंश मिलिग्रॅममध्ये तोलणारे कारखाने आहेत. सुखना नदीकाठचं हे जुनं गाव अशा रीतीने मोजमापाचं गाव झालं. पण कारखान्यात काटेकोरपणे तोललेली तीच गोळी, तेच सिरप घरात आलं की त्याचं माप बहुतेक वेळा सुटतं. लेकराला ताकदीचं औषध पाजताना हाताला लागेल तो चमचा घेतला जातो. लहान मुलांना जीवनसत्त्वांची बाधा होते ती बहुधा इथूनच.

चिकलठाण्याचा आणि या विषयाचा संबंध वरवरचा नाही. इथे कारखाना असलेल्या लुपिन कंपनीची सुरुवातच लोहाच्या गोळीने झाली. देशबंधू गुप्ता यांनी 1968 साली पत्नीकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांवर ही कंपनी उभी केली. सेंट्रल बँकेचं कर्ज मिळालं, आणि सरकारच्या माता-बाल आरोग्य कार्यक्रमासाठी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बनवण्याचं काम हाती आलं. 1980 साली कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, औषधनिर्मितीचा कारखाना आणि संशोधन केंद्र सुरू केलं. शेजारीच वोखार्टचे कारखाने उभे राहिले. या उद्योगात माप आणि नोंद यांना किती किंमत आहे, हे 2013 साली साऱ्या शहराने पाहिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उत्पादन-पद्धतीतल्या त्रुटींवर बोट ठेवून वोखार्टच्या वाळूज आणि चिकलठाणा इथल्या कारखान्यांवर आयातबंदीची सूचना लावली. सातासमुद्रापलीकडचा तपासनीस चिकलठाण्यात येऊन नोंदवह्या तपासतो. घरातल्या चमच्यावर मात्र कुणाचीच नजर नसते.

तशी ती पूर्वी असायची. महाराष्ट्रातल्या घरांत तान्ह्या बाळाला दुधाखेरीज वरचं काही देण्याची रीत कारखान्यांहून फार जुनी. बाळगुटी हे तिचं नाव. वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, काकडशिंगी, खारीक, बदाम असा सगळा जिन्नस एका पिशवीत बांधून ठेवलेला असे. सकाळी बाळाचं न्हाणं-माखणं झालं की आजी सहाण पुढे ओढी, तिच्यावर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घाली, आणि एकेक काडी सहाणेवर गोल फिरवी. हा एक फेरा म्हणजे एक वेढा. बाळगुटीचं माप वेढ्यात असे. महिन्याच्या बाळाला प्रत्येकी एखादा वेढा, मग बाळाच्या वयाप्रमाणे आणि पोटाच्या तक्रारीप्रमाणे वेढे वाढत. जायफळापाशी मात्र आजीचा हात आखडता होई. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगून पडतं, हे तिला ठाऊक असायचं.

बाळगुटी निर्धोक होती, असं याचा अर्थ नव्हे. अस्वच्छ सहाणेतून आणि पाण्यातून जंतू पोटात जातात, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असंच आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. पण त्या रिवाजात एक गोष्ट पक्की होती. देणारा हात एकच होता आणि त्या हाताला किती द्यायचं हे माहीत होतं.

हा हात सुटला तेव्हा काय झालं, याची नोंद मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे. कोकणातून आणि देशावरून मुंबईला आलेल्या बायका गिरणीत राबू लागल्या. तान्ह्या बाळाला सांभाळायला घरी आजी नव्हती, पाळणाघर नव्हतं. मग पाळी सुटेपर्यंत मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. 1922 साली डॉ. बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या स्त्री-कामगारांची पाहणी केली, तेव्हा या बायकांच्या शंभरांतल्या 98 बाळांना अफू दिली जाते, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. गोळीत अफू किती, ते घेणाऱ्या आईला कळायला मार्ग नव्हता. चार तासांची झोप आणि कायमची झोप यांत फरक होता तो मोहरीएवढ्या गोळीचा. स्त्री-कामगारांच्या या हलाखीची चर्चा होत राहिली आणि 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा.

याच सुमारास जगात दुसरी एक गोष्ट घडत होती. कासिमिर फंक या पोलिश शास्त्रज्ञाने 1912 साली ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडवला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रातांधळेपणा, मुडदूस, बेरीबेरी, स्कर्व्ही या रोगांची कारणं एकेक करून हाती लागली. आहारातला एक कणभर पदार्थ नसला की माणूस आंधळा होतो, त्याची हाडं वाकतात, हे कळल्यावर त्या कणाला जणू संजीवनीचं मोल आलं. मराठीने त्याला जीवनसत्त्व हे भारदस्त नाव दिलं. ज्याच्या नावातच जीवन आहे ते जास्त घेतल्याने जिवावर बेतेल, ही शंका कुणाला सहजी येत नाही.

खरं तर धोक्याची खूणही तेव्हाच दिसली होती. जानेवारी 1913 मध्ये डग्लस मॉसनच्या अंटार्क्टिक मोहिमेत झेव्हियर मर्ट्झ हा तरुण वाटेतच दगावला. खायचं संपलं म्हणून मॉसन आणि मर्ट्झ या दोघांनी स्लेज ओढणारे कुत्रे मारून खाल्ले होते, त्यांच्या यकृतासकट. कातडी सोलून निघणं, केस गळणं, भ्रम होणं ही त्यांची लक्षणं पुढे अभ्यासकांनी तपासली आणि यकृतातलं ‘अ’ जीवनसत्त्व त्यांना बाधलं असावं असा तर्क मांडला. ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाऊन आजारी पडलेल्या डच खलाशांची हकिगत तर त्याहून तीनशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे हे सत्त्व आलं तेही यकृतातूनच. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारं कॉड माशाचं तेल बंद झालं, तेव्हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृतातून तेल काढायला सुरुवात झाली. मुंबईतही ससून डॉकवर सरकारी मत्स्य खात्याने हा उद्योग चालवला. मुशीच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व कॉडच्या तेलाहून कितीतरी जास्त. ते तसंच देणं योग्य नव्हतं, म्हणून शुद्ध शेंगदाणा तेल मिसळून ते ठरलेल्या मात्रेवर आणलं जाई. मापाची ही जाण त्या जुन्या कारखानदारीत होती.

जाण दवाखान्यातही होती. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारावं. डॉक्टरकडे जाताना घरून काचेची रिकामी बाटली धुऊन न्यावी लागायची. कंपाउंडर तिच्यात लाल किंवा गुलाबी मिक्स्चर भरायचा आणि बाटलीला कागदाची एक पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला कातरीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आईलाही सकाळी एक खाच, रात्री एक खाच हे कळायचं, आणि तीन दिवसांनी बाटली संपली की औषधही संपायचं. सहाणेवरच्या वेढ्यानंतरचं हे दुसरं माप.

पट्टी गेली आणि टॉनिक आलं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं, गोड, रंगीत, खोक्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र असलेलं. मूल बाळसं धरत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, अभ्यासात लक्ष नाही, सगळ्यांवर उतारा एकच. औषधांची गरज आणि खप यांचा मेळ बसत नाही, हे 1975 च्या हाथी समितीने देशापुढे मांडलं होतं. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने आणि डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अनावश्यक औषधांविरुद्ध पुढची कित्येक वर्षं प्रचार केला. टॉनिकच्या बाटलीच्या पैशांत घरात शेंगदाणे, गूळ, डाळ, पालेभाजी, अंडी येतात आणि त्यांनी मुलाचं पोट भरतं, हे त्यांचं सांगणं होतं. ते आजही तितकंच खरं आहे.

सरकारी कार्यक्रमांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी येणारं अंधत्व टाळण्यासाठी आणि रक्तक्षय रोखण्यासाठी 1970 साली देशभर दोन कार्यक्रम सुरू झाले. त्यांची गरज होती आणि आहे. आरोग्य केंद्रात नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस देतात. मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, असे एकूण नऊ डोस. ही मात्रा मोठी आहे, म्हणूनच ती मोजून, अंतर राखून आणि कार्डावर नोंद करून दिली जाते. बाटलीबरोबर येणाऱ्या चमच्याची पूर्ण पातळी दोन मिलिलिटरची असते. एक मिलिलिटर म्हणजे एक लाख युनिट.

हा चमचा बदलला तर? 11 नोव्हेंबर 2001 रोजी आसामात युनिसेफच्या साहाय्याने ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मोहीम झाली. लाखो मुलांना एकाच वेळी डोस पाजायचा होता. त्यासाठी नेहमीच्या दोन मिलिलिटरच्या चमच्याऐवजी पाच मिलिलिटर मावणारे छोटे कप दिले गेले. शेकडो मुलांना उलट्या आणि ताप सुरू झाला. काही मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या. मृत्यूंचा औषधाशी संबंध नाही, असं युनिसेफचं म्हणणं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि देशातल्या आहारतज्ज्ञांमध्ये त्यावर मोठा वाद झाला. मृत्यूंचं कारण काहीही असो, त्या कपाचा धडा स्पष्ट आहे. पूर्ण भरलेल्या कपात पाच लाख युनिट मावतात, म्हणजे ठरलेल्या मोठ्या डोसाच्या अडीच पट.

‘ड’ जीवनसत्त्वाचा इतिहासही असाच आहे. मुडदुसावर एकदम तीन ते सहा लाख युनिट देण्याची पद्धत युरोपात रुजली. पूर्व जर्मनीत तर निरोगी बाळांनाही दर काही महिन्यांनी सहा लाख युनिट पाजत. 1980 च्या दशकात अशा बाळांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं आढळलं. ब्रिटनमध्ये त्याआधीच, 1950 च्या दशकात, दुधाची पावडर, बाळांचं धान्य आणि कॉडलिव्हर तेल या सगळ्यांतून ‘ड’ पोटात जाऊन बाळं आजारी पडली होती. 1957 साली तिथे ते प्रमाण कमी करावं लागलं. एकेका डब्यात जास्त नव्हतं, सगळ्यांची बेरीज जास्त झाली होती. आजच्या घरात फोर्टिफाइड दूध, दुधात घालायची पावडर, वर टॉनिक आणि त्यावर जीवनसत्त्वांची चघळायची गमी असं चालतं, तिथे ही बेरीज पुन्हा तशीच होते.

जिथे पारा चाळिशी गाठतो त्या मराठवाड्यात ‘ड’ची कमतरता असावी, हे ऐकायला नवल वाटतं. पण दिवस चार भिंतींत गेला की उन्हाचा उपयोग शून्य. कमतरता खरी असते, उपचारही लागतो. घोटाळा होतो तो 60,000 युनिटच्या पुडीपाशी किंवा छोट्या बाटलीपाशी. शाळकरी मुलाची रोजची गरज 600 युनिट. म्हणजे एका पुडीत 100 दिवसांचं ‘ड’ असतं. डॉक्टर ती आठवड्यातून एकदा, काही आठवडे घ्यायला सांगतात. घरी ती रोज दिली गेली की महिन्याभरात मुलाच्या शरीरात 18 लाख युनिट साठतात. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, लघवीवाटे सहजी निघून जात नाहीत, शरीरात साठून राहतात. औषध थांबवल्यावरही ‘ड’चा परिणाम कित्येक आठवडे उतरत नाही. तान्ह्या बाळांच्या थेंबांतही असाच घोळ होतो. एका बाटलीत मिलिलिटरला 400 युनिट असतात, दुसरीत 800. खोकी सारखी दिसतात. नवी बाटली आणल्यावर जुन्याच सवयीने ड्रॉपर भरला तर डोस दुप्पट होतो. ड्रॉपरवरच्या अशाच चुकांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2010 मध्ये पालकांना सावध केलं होतं.

मूल दूध टाकतं, सारखं ओकतं, शौचाला कडक होतं, खूप पाणी पितं आणि खूप लघवी करतं, गळून पडून राहतं. ही ‘ड’ जास्त झाल्याची लक्षणं. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. ‘अ’ जास्त झालं की डोकं दुखतं, उलट्या होतात, तान्ह्या बाळाची टाळू फुगते, कातडी सोलून निघते, हाडं दुखतात. तापाची किंवा पोटाच्या बिघाडाची समजून ही लक्षणं अंगावर काढली जातात, आणि मूल अशक्त झालं म्हणून टॉनिकचा आणखी एक चमचा दिला जातो.

सगळ्यांत झटपट घात करतं ते लोह. ते जीवनसत्त्व नव्हे, पण टॉनिकात आणि बाळंतिणीच्या लाल गोळ्यांत तेच असतं. घरात बाळंतपण झालेलं असतं, गोळ्यांची पट्टी फडताळात किंवा उशाशी पडलेली असते, आणि दोन वर्षांचं मोठं भावंड घरभर फिरत असतं. वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की त्रास सुरू होतो, 60 मिलिग्रॅमच्या पुढे जिवाला धोका. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत हिशेब असा मांडता येतो: 60 मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांनी त्रास, दहा गोळ्यांनी मृत्यूचं भय. आणि फसवं असं की सुरुवातीच्या रक्ताच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरं झाल्यासारखं दिसतं. आई-बाप निश्चिंत होतात, त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं.

मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत उटीच्या एका सरकारी शाळेत विद्यार्थ्यांनी कोण जास्त गोळ्या खातं अशी पैज लावली. गोळ्या लोहाच्या होत्या, शाळेत वाटण्यासाठी आलेल्या. त्यांतली 13 वर्षांची एक मुलगी दगावली. अमेरिकेतही एके काळी लहान मुलांच्या विषबाधेच्या मृत्यूंत लोहाच्या गोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. 1997 साली तिथे ठळक धोक्याची सूचना आणि एकेक गोळी वेगळी बांधण्याचा नियम आला. बांधणीचा नियम पुढे न्यायालयात टिकला नाही, पण मृत्यू खूप कमी झाले. आपल्याकडे ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात लहान मुलांना लोहाचं सिरप मोजून एक मिलिलिटरच बाहेर सोडणाऱ्या बाटलीतून देण्याची सोय आहे. एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम लोह, आठवड्यातून दोनदा. आशाताईच्या हातातली ती साधी प्लास्टिकची बाटली म्हणजे वेढा आणि पट्टी यांचीच पुढची पायरी आहे.

बाजार मात्र उलट्या दिशेने चालला आहे. करोनाच्या साथीत ‘क’, ‘ड’ आणि झिंकच्या गोळ्या घराघरांत आल्या, त्या राहिल्याच. पाठोपाठ अस्वलाच्या, फळांच्या आकाराच्या गमीज आल्या. चव चॉकलेटची, डबा खाऊचा, मागवायच्या मोबाइलवरून. मूल शहाण्यासारखं वागलं की बक्षीस म्हणून गमी देणारे पालक आहेत. मुलाच्या मनात मग औषध आणि खाऊ यांतली रेघच पुसली जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांत अशी पूरक उत्पादनं पाच वर्षांवरील व्यक्तींसाठी मानली होती, आणि ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत ही सूचना लेबलवर बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरात असते आणि अस्वल मात्र डब्यावर मोठं असतं.

कारखान्यातल्या मापाची जबाबदारी कंपनीची आहे, दुकानातल्या लेबलची सरकारची. घरातलं माप आई-बापांनाच धरावं लागेल. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलाला कोणतंही जीवनसत्त्व सुरू करू नका. सांगितलं तर किती, कितीदा आणि किती दिवस हे चिठ्ठीवर लिहून घ्या. बाटलीबरोबर आलेलंच मापाचं झाकण किंवा ड्रॉपर वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. दोन औषधांत तेच जीवनसत्त्व आहे का, ते मेडिकलवाल्याला विचारा. लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, मूल खेळतंय म्हणून थांबू नका. बाटली किंवा रिकामी पट्टी हातात घ्या आणि 108 ला फोन करून संभाजीनगरचं घाटी किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक आजच औषधांच्या डब्यावर आतून चिकटवून ठेवा.